परिचारिकेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे



दरवर्षी १२ मे हा दिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. त्याच्या आसपासच्या रविवारी अनेक धर्मग्रामांत पवित्र मिस्सानंतर परिचारिकांना पुढे बोलावतात, त्यांच्या हाती फूल देतात, सर्वजण टाळ्या वाजवतात. हे चांगलेच आहे. पण घरातल्या मुलीने बारावीनंतर नर्सिंगला जायचे म्हटले, की त्याच टाळ्या वाजवणारे हात जरा थबकतात. रात्रपाळी कशी करणार? परक्या माणसांचे मलमूत्र काढायचे? उद्या लग्नाच्या बैठकीत पाहुणे काय म्हणतील? असे प्रश्न हळूच निघतात आणि मुलीचा फॉर्म कपाटातच राहतो.

हे प्रश्न आजचे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ते याहून कितीतरी कठोर होते. त्या काळी ज्या बाईने आपल्या घराण्याची सारी प्रतिष्ठा परिचारिकेच्या बाजूने उभी केली, त्यांचे नाव रमाबाई रानडे. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि स्वतः परिचारिकाही नव्हत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या जीवनावरील मालिका दूरदर्शन संचावर घरोघरी पाहिली गेली. परंतु रुग्णसेवेच्या क्षेत्रातील त्यांचे काम त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. म्हणून त्यांचे चरित्र या पानावर थोडक्यात सांगत आहोत.

अकरा वर्षांची नवरी

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. मुलींना लिहायला वाचायला शिकवण्याची पद्धत त्यांच्या माहेरी नव्हती. मुलीच्या हाती पुस्तक आले की घरावर संकट येते, अशी समजूत तेव्हा मोठमोठ्या घरांत होती.

१८७३ च्या डिसेंबरात त्यांचे लग्न झाले. नवरी अकरा वर्षांची आणि नवरदेव एकतीस वर्षांचे. माधवराव रानडे तेव्हाच सुधारकांमध्ये गाजलेले नाव होते. विधवांचे पुनर्विवाह व्हावेत म्हणून ते झटत होते. त्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा हे आता एखाद्या विधवेशीच लग्न करणार, असे सर्वांना वाटत होते. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही आणि एका लहान मुलीशी त्यांचे लग्न लागले. लोकांनी त्यांना दोष दिला, आणि तो दोष त्यांना आयुष्यभर ऐकून घ्यावा लागला.

जे घडले ते बदलता येत नव्हते. मग माधवरावांनी त्या मुलीला शिकवायचे ठरवले. लग्नानंतर लगेच त्यांनी तिला मुळाक्षरांपासून धडे द्यायला सुरुवात केली. दिवसा कचेरी, संध्याकाळी सभा आणि रात्री पत्नीचा अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. आधी मराठी आणि मग इंग्रजी.

शिवाशिवीची भिंत

घर मोठे होते. सासू, नणंदा आणि इतर नातलग बायका एकाच छताखाली राहत. सुनेने नवऱ्यापाशी बसून पुस्तक वाचावे, हे त्यांना मुळीच पटत नव्हते. टोमणे, अबोला, वेगळे बसवणे, हे रोजचेच झाले. माधवरावांची ताकीद अशी होती की कोणी काही बोलले तरी उलट उत्तर द्यायचे नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही. या दोन गोष्टी एकत्र पाळणे किती अवघड, हे एकत्र कुटुंबात नांदलेल्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. रमाबाईंनी त्या पाळल्या.

इंग्रजी नीट यावे म्हणून एक युरोपियन मिशनरी बाई त्यांना शिकवू लागल्या. आता घरातल्या बायकांचा राग अनावर झाला. परधर्माच्या बाईजवळ बसून आलेल्या सुनेचा विटाळ मानला जाई. धडा संपला की अंघोळ केल्याशिवाय रमाबाईंना घरात कशाला हात लावता येत नसे. बाहेर शिकायचे आणि आत येताना त्या शिक्षणाचा स्पर्श पाण्याने धुऊन काढायचा, असा तो प्रकार होता.

ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. परिचारिकेचे सारे काम स्पर्शाचे असते. ज्या समाजात शिकवणाऱ्या बाईच्या नुसत्या सहवासाने अंघोळ करावी लागे, त्या समाजात अनोळखी माणसाची जखम धुणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. ही भिंत किती उंच आहे हे रमाबाईंनी स्वतःच्या अंगणात अनुभवले होते.

१८९० साली पुण्यात आणखी एक प्रकरण घडले. पंचहौद येथील अँग्लिकन मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तिथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. हजर राहिलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि एवढ्यावरून शहरात मोठे वादळ उठले. त्या नावांत रानडे होते, टिळकही होते. पुढे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक पेला चहा त्या काळात इतका महाग पडत होता.

घराबाहेरचे पाऊल

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. तेथील सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवे, ही मागणी सुधारकांनी सरकारपुढे ठेवली, तेव्हा गव्हर्नरांसमोर इंग्रजी निवेदन वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले. वय अवघे बावीसच्या आसपास. ते हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झाले. तीच आजची पुण्यातील हुजूरपागा शाळा.

१८९३ मध्ये माधवराव मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईला आले. तिथे रमाबाईंनी स्त्रियांचे मंडळ चालवले आणि भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग भरवले. मात्र या सर्व वर्षांत त्यांचे एक काम घरातही चालू होते. माधवरावांची दृष्टी अधू होती आणि प्रकृती नाजूक होती. त्यांना वाचून दाखवणे, पथ्यपाणी सांभाळणे, रात्री पायांना तूप चोळणे, हे सारे त्या करत. शेवटच्या काळात हृदयाच्या विकाराने माधवराव फार हैराण झाले. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे म्हणजे काय, हे रमाबाई पुस्तकात वाचून नव्हे तर असे शिकल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत होत्या. पदरी स्वतःचे मूल नव्हते. त्या पुण्याला आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. तेव्हाच्या रूढीप्रमाणे त्यांचे आयुष्य इथेच संपले असते. विधवेने कोपऱ्यात बसावे आणि उरलेले दिवस मोजावे, एवढीच समाजाची अपेक्षा होती.

कोपऱ्यातून वाट

त्या कोपऱ्यातून उठल्या आणि आधी कुठे गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. तिथे त्यांच्याबरोबर बसून प्रार्थना करू लागल्या. सुधारगृहातल्या मुलांसाठी खाऊ घेऊन जाऊ लागल्या. रुग्णालयात जाऊन फळे, फुले, पुस्तके देऊ लागल्या आणि रुग्णांची विचारपूस करू लागल्या. पुढे १९१३ मध्ये गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला तेव्हा तिथे मदतीला गेल्या. आळंदीच्या यात्रेत बायकांची आबाळ होते म्हणून स्वयंसेविका घेऊन तिथे उभ्या राहिल्या.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय आपण सर्वांनी ऐकलेला आहे. भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट घेणे, या गोष्टींवरून शेवटच्या दिवशी न्याय होईल असे प्रभू तेथे सांगतो. ख्रिस्तसभा त्यांना दयेची कृत्ये म्हणते. रमाबाईंनी तो अध्याय वाचला होता की नाही, हा प्रश्न नाही. त्यांच्या पायांनी तो गिरवला, हे खरे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आपल्याला शिकवले, ते अशा जीवनांकडे पाहिले की पटते.

त्या काळची परिचारिका

रुग्णालयाला भेट देणे वेगळे आणि तिथे काम करणे वेगळे. रमाबाई लवकरच या फरकापाशी येऊन थांबल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातही परिचारिकेला फारसा मान नव्हता. धर्मभगिनींची रुग्णालये सोडली तर हे काम गरजू, अशिक्षित बायकांवर सोपवलेले असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे चित्र बदलले. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमींची सेवा करायला त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या बरोबर मर्सी संघाच्या कॅथोलिक धर्मभगिनीही होत्या. त्यांतील मदर मेरी क्लेअर मूर यांच्याशी त्यांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. सैनिक जखमांपेक्षा घाणीमुळे पसरणाऱ्या रोगांनी जास्त मरतात, हे नाइटिंगेल यांनी आकडे मांडून आणि आकृत्या काढून सिद्ध केले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. सेवा, शिक्षण आणि संशोधन ही परिचर्येची तीन अंगे त्यांच्या एकट्याच्या आयुष्यात दिसतात.

त्या भारतात कधी आल्या नाहीत. परंतु इथल्या आरोग्याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी खेड्यांतील स्वच्छतेबद्दल त्यांचा पत्रव्यवहार झाला. या सभेचे प्रमुख आधारस्तंभ न्यायमूर्ती रानडेच होते. मुंबईचे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांचे चरित्र दयाराम गिडुमल यांनी लिहिले, त्याच्या १८९२ च्या आवृत्तीला नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे. मलबारी आणि गिडुमल ही दोन नावे पुढे पुन्हा येणार आहेत.

इकडे आपल्या प्रांतात काय स्थिती होती? शिकलेल्या परिचारिका थोड्या, आणि त्यांतही बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा देशी ख्रिस्ती. उच्चवर्णीय हिंदू घरातील स्त्रीने हे काम करणे म्हणजे घराण्याला काळिमा, असे मानले जाई. बाळंतपणे घरातल्या अंधाऱ्या खोलीत, अशिक्षित सुईणीच्या हातून होत. पुरुष डॉक्टरला बाई दाखवायची नाही आणि शिकलेली बाई मिळायची नाही, या कात्रीत कित्येक बायका आणि बाळे दगावत. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ आली. तेव्हा रुग्णाला हात लावायला माणूस मिळेना. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. सेवेची किंमत प्राणाने मोजणारी माणसे होती, पण ती थोडी होती. गरज होती ती शिकलेल्या स्त्रियांच्या मोठ्या संख्येची.

सेवासदन

१९०८ मध्ये मलबारी आणि गिडुमल यांनी मुंबईत स्त्रियांसाठी एक संस्था काढायचे ठरवले. निराधार स्त्रियांना आसरा मिळावा आणि भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. मार्गदर्शन आणि मदत मागायला ते रमाबाईंकडे आले. त्यातून मुंबईचे सेवासदन उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रानड्यांच्या वाड्यातच सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. १९१५ मध्ये पुणे सेवासदन ही स्वतंत्र संस्था म्हणून नोंदली गेली.

तिथे प्रौढ स्त्रियांना लिहायला वाचायला शिकवत, शिवण आणि हस्तकला शिकवत, शिक्षिका तयार करत. आणि तिथूनच स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी जाऊ लागल्या. काही जणींनी सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले, काही वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. सेवासदनाने वसतिगृहे चालवली. त्यांतील एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आणि एक शिकाऊ परिचारिकांसाठी होते.

वसतिगृह हा शब्द आज साधा वाटतो. तेव्हा सारा प्रश्न तिथेच अडला होता. नर्सिंग शिकायचे म्हणजे रुग्णालयाजवळ राहायला हवे, रात्रीची पाळी करायला हवी. तरुण विधवा घराबाहेर झोपते, हे कोणता भाऊ किंवा दीर मान्य करणार? जेवणाचे काय, सोवळ्याओवळ्याचे काय, कोणत्या जातीच्या रुग्णाला हात लावायचा आणि कोणाला नाही, पुरुष रुग्णाचे काय, असे शंभर आक्षेप होते. यातले काही आक्षेप भीतीपोटी आलेले होते, काही निव्वळ अहंकारापोटी.

या आक्षेपांपुढे रमाबाईंनी आपले नाव उभे केले. मुलगी कुठे आहे असे कोणी विचारले, तर रमाबाईंच्या संस्थेत आहे, असे सांगता येऊ लागले. न्यायमूर्तींच्या पत्नी, स्वतः विधवा, आचारविचाराने शुद्ध, त्यांच्या देखरेखीखाली मुलगी आहे म्हटल्यावर पुढे बोलायला फारसे काही उरत नसे. पतीच्या नावामुळे समाजात जो आदर मिळाला होता तो त्यांनी स्वतःसाठी जपून ठेवला नाही. ज्या कामाला समाज नाक मुरडत होता त्या कामासाठी तो खर्च केला. नाव खर्ची घालणे हे पैसा देण्याहून अवघड असते, कारण नाव एकदा गेले की परत मिळेल याची खात्री नसते.

टीका झालीच. जिने स्वतः घरात इतकी वर्षे टोमणे सोसले होते तिला त्याची सवय होती. उलट उत्तर द्यायचे नाही आणि काम सोडायचे नाही, हा तरुणपणी घेतलेला धडा आता उपयोगी पडला.

यात आणखी एक गोष्ट होती. सेवासदनात येणाऱ्या स्त्रियांमध्ये अनेक तरुण विधवा होत्या. घरात त्या ओझे मानल्या जात. सकाळी त्यांचे तोंड पाहणे अशुभ, मंगल कार्यात त्यांनी पुढे यायचे नाही. तीच बाई शिक्षण घेऊन परिचारिका झाली, की बाळंतिणीच्या खोलीत सर्वांत आधी तिलाच बोलावणे जाई. जिची सावली नको होती तिच्या हातात घराचे नवे बाळ पहिल्यांदा विसावे. त्या स्त्रीच्या मनाला यामुळे काय वाटले असेल? आणि ती आता स्वतः कमावत होती, कोणाच्या दयेवर जगत नव्हती.

शेवटची वर्षे

१९१० मध्ये रमाबाईंनी आपल्या आणि माधवरावांच्या सहजीवनाच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. मराठी स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. सेवासदनाबरोबरच मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्या झगडल्या. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत त्या पुढे होत्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत एक हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. आपल्या विदर्भात, नागपुरातही, त्यांच्या प्रेरणेने सेवासदन उभे राहिले. भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १५ ऑगस्ट १९६२ रोजी त्यांचे टपाल तिकीट काढले.

पुढे बरेच काही घडले. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. आज परिचारिका पदव्युत्तर शिक्षण घेतात, महाविद्यालयांत शिकवतात, संशोधन करून डॉक्टरेट मिळवतात. रमाबाईंच्या काळात घराबाहेर एक रात्र काढण्याची परवानगी हीच मोठी पदवी होती.

आपल्या घराकडे पाहू या

हे वाचून कोणाला वाटेल की हा तर इतरांच्या रूढींचा दोष होता, आपल्या मुली तर पहिल्यापासून नर्सिंगमध्ये आहेत. यात खरेपण आहे आणि त्याचा अभिमानही असावा. दूरदूरच्या गावांतल्या मिशन दवाखान्यांत धर्मभगिनींनी आणि साध्या ख्रिस्ती मुलींनी जी सेवा केली ती देवाच्या वहीत लिहिलेली आहे. पण आपल्या घरातही एक बंद दार होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. धर्मभगिनींनी वैद्यकी करणे आणि बाळंतपणाची कामे करणे ख्रिस्तसभेच्या नियमांत बसत नसे. ऑस्ट्रियाच्या डॉक्टर अ‍ॅना डेंगल १९२० पासून रावळपिंडीच्या मिशन रुग्णालयात होत्या. पुरुष डॉक्टरकडे जाता येत नाही म्हणून बायका मरताना त्यांनी पाहिल्या. १९२५ मध्ये त्यांनी वैद्यकीय सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ स्थापन केला आणि ते दार ठोठावत राहिल्या. १९३६ मध्ये रोमने ते दार उघडले. पुण्यात रमाबाई आणि रावळपिंडीत मदर डेंगल एकाच दुःखापुढे उभ्या होत्या. आजारी बाईला शिकलेल्या बाईचा हात मिळावा, एवढीच दोघींची मागणी होती.

२०२० हे वर्ष जगभर परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर झाले होते. नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत होती. त्याच वर्षी करोनाची साथ आली. मार्च महिन्यात आपण घराच्या दारात उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच दिवसांत देशात काही ठिकाणी परिचारिकांना घरमालकांनी खोली रिकामी करायला सांगितल्याच्या बातम्याही वाचल्या. शिवाशिवीची ती जुनी भिंत पुरती पडलेली नाही, फक्त तिचा रंग बदलला आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठल्याही तालुक्यातील खेड्यात जा. उपकेंद्रातली नर्सबाई हीच तिथल्या माणसाला दिसणारे आरोग्य खाते. लसीची पेटी घेऊन ती पांदण रस्त्याने वस्तीवर जाते. पहिलटकरणीला धीर देते. रात्री दार वाजले की उठते. तिचा पगार आपण विचारतो, तिची बदली कुठे झाली हे विचारतो. तिने आज जेवण केले का, हे कितीजण विचारतात? सरकारी दवाखान्यात रांग लांबली की डॉक्टरांशी अदबीने बोलणारा माणूस नर्सवर मात्र ओरडतो, हेही आपण पाहतो. कदाचित आपल्यातलाच कोणी ओरडलेला असेल.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला ते सहन झाले नाही, कारण ते काम नोकराचे होते. प्रभूने ते काम हाती घेतले आणि त्या दिवसापासून ते हलके राहिले नाही. रमाबाईंनी आपल्या परीने हेच केले. हलके समजले जाणारे काम त्यांनी आपल्या घराच्या दारातून आत घेतले आणि त्याला सन्मानाने बसायला पाट दिला.

म्हणून या आठवड्यात दोन लहान गोष्टी करू या. ओळखीच्या एका परिचारिकेला भेटून, निदान फोन करून, तिची विचारपूस करू या. आणि घरातल्या किंवा शेजारच्या मुलीने नर्सिंगचे नाव काढले, तर लोक काय म्हणतील हा प्रश्न आधी न विचारता, तिला हे काम मनापासून करावेसे वाटते का, एवढेच विचारू या. लोकांना उत्तर द्यायची वेळ आली तर ते आपण द्यावे, त्या मुलीवर सोडू नये. रमाबाईंनी परक्यांच्या मुलींसाठी ते दिले होते.

प्रार्थना करू या: हे प्रभो, तू कुष्ठरोग्याला हात लावलास आणि तापाने पडलेल्या पेत्राच्या सासूचा हात धरून तिला उठवलेस. आमच्या आजाऱ्यांना स्पर्श करणाऱ्या सर्व हातांना बळ दे. रात्रपाळीत जागणाऱ्या परिचारिकांना सांभाळ, त्यांच्या घरी मागे राहिलेल्या लेकरांना सांभाळ. त्यांना मान देण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.